उपनगरात कंटाळा येतो, पण कुणाला?

शहराच्या ऐन मध्यातलं भाड्याचं घर सोडून आम्ही लांबच्या उपनगरात राहायला जायचं ठरवलं, तेव्हा जो भेटेल तो एकच विचारायचा, "अगं, पण तिथे करमेल का तुला?" जागा केवढी आहे, हवा कशी आहे, कर्ज किती काढलंत, हे सगळं नंतर. आधी करमण्याचं. मला या प्रश्नाचा राग यायचा. शहरात राहून आम्ही नाटका-सिनेमाला वर्षाकाठी कितीसे जात होतो? म्युझियम तर पाहुणे आले की आठवायचं. आम्ही काही गमावत नाही, उलट दोन खोल्या जास्तीच्या पदरात पडताहेत, असं माझं ठाम मत होतं.

घरात आम्ही चौघं. नवरा रोज कामावर जाणारा, मी घरी बसून पुस्तकांची मुद्रितं तपासणारी, चौदा वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. हे सांगायचं कारण असं की "उपनगर कंटाळवाणं असतं का" या प्रश्नाला आमच्या घरात आजही चार उत्तरं आहेत आणि चारही खरी आहेत.

सामान हलवण्याचे दिवस कुणाचेही वेगळे नसतात, ते सोडून देते. पुढचे काही आठवडे मात्र खरंच सुखाचे गेले. रात्री खिडक्या सताड उघड्या टाकून झोपता येतं याचंच अप्रूप. मुलाला दार लावून घेता येईल अशी खोली मिळाली. नवरा सुट्टीच्या दिवशी अंगणात उभा राहून "आपण हे आधीच का नाही केलं?" असं म्हणायचा. मग हळूहळू खोकी रिकामी झाली, पडदे लागले, पुस्तकं कपाटात गेली. घर लावणं ही केवढी मोठी करमणूक असते, ते घर लावून संपल्यावर कळतं.

त्यानंतर दुपारचे तीन वाजायला लागले. म्हणजे ते आधीही वाजत असणार, पण मला जाणवायला लागले. कामातून उठून मी फाटकापर्यंत जायची. डावीकडे गल्लीचं तोंड, उजवीकडे गाड्या वळवायला सोडलेली गोल जागा, आणि त्यापुढे डोक्याइतकी उंच भिंत. गल्लीत चिटपाखरू नाही. पाच-सहा घरांपुढे नळ्या गुंडाळून ठेवलेल्या, एका गाडीवर आच्छादन. बघण्यासारखं काही नाही असं नव्हे. झाडं होती, पक्षी होते. पण दोन मिनिटं उभं राहून परत आत यायचं, यापलीकडे तिथे काही होत नव्हतं.

शहरातल्या जुन्या घरी मी अशीच कामातून उठून खाली उतरायची आणि वर येईपर्यंत काहीतरी घडलेलं असायचं. कुणीतरी थांबवून पत्ता विचारायचं. जिन्यात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटायचे, त्यांचं नाव मला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. पण त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन कधी आहे ते माहीत होतं. नवीन जागी मला मैत्रिणींची उणीव भासेल असं वाटलं होतं, पण मैत्रिणी ठरवून भेटतच राहिल्या. उणीव भासली ती अशा बिननावाच्या माणसांची. मार्क ग्रॅनोव्हेटर नावाच्या समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली अशा पुसट ओळखींवर लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं, की ज्याच्याकडून कळलं तो माणूस तुम्हाला कितीदा भेटायचा? वरचेवर भेटणारा, असं सांगणारे जेमतेम १७ टक्के निघाले. बाकीच्यांना ती खबर अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्यांकडून आली होती. जिवलग माणसांना बहुतेक तेच माहीत असतं जे आपल्याला माहीत असतं. नवं काही येतं ते लांबच्यांकडून. माझीही बरीचशी कामं अशीच कुणीतरी रस्त्यात भेटून, "बरं झालं दिसलात" म्हणून आलेली. आता मी कुणाला दिसतच नव्हते.

टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातल्या जॉन ईस्टवुड आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली कंटाळ्याची एक व्याख्या मांडली. मन कशात तरी गुंतवायची इच्छा आहे, पण ते गुंतत नाही, ही अवस्था म्हणजे कंटाळा. करायला काही नसणं वेगळं आणि हे वेगळं. माझ्यापुढे तर मुद्रितांचा ढीग पडलेला असायचा. (माणसं रिकाम्या मनाला किती घाबरतात, याचा व्हर्जिनिया विद्यापीठातला २०१४ चा प्रयोग मला फार आवडतो. लोकांना पंधरा मिनिटं एकटं बसवलं, सोबत काही नाही, फक्त विजेचा सौम्य झटका देणारं बटण. १८ पैकी १२ पुरुषांनी स्वतःला झटका देऊन घेतला, २४ पैकी ६ बायकांनी. नवऱ्याला वाचून दाखवलं तर तो म्हणाला, "बटण चालतंय का ते बघत असतील.")

आता त्याचंच सांगते. नवऱ्याला उपनगराचा कंटाळा येत नाही, कारण तो तिथे नसतो. सकाळी लवकर निघतो, रात्री येतो. त्याचं उपनगर म्हणजे झोप आणि सुट्टीचे दिवस, आणि या दोन्ही गोष्टी शहरापेक्षा तिथे नक्कीच चांगल्या आहेत. त्याचा जाण्या-येण्याचा वेळ मात्र दुपटीच्या वर गेला. चेझारे मार्केटी या इटालियन शास्त्रज्ञाने १९९४ मध्ये मांडलेलं एक निरीक्षण आहे. वाहन कुठलंही असो, काळ कुठलाही असो, माणसं दिवसाला सरासरी तासभर प्रवास करतात. वेग वाढला की वेळ वाचवत नाहीत, लांब राहायला जातात. आम्ही तेच केलं होतं, फक्त तासाची मर्यादा सोडून. घर घेताना आमचा हिशेब साधा होता, प्रवास वाढेल पण घर मोठं मिळेल, फिटंफाट. ब्रूनो फ्राय आणि आलोइस श्टुत्झर या झुरिकच्या अर्थतज्ज्ञांनी जर्मनीतल्या कुटुंबांची आकडेवारी तपासली, तेव्हा ही फिटंफाट होत नाही असंच दिसलं. ज्यांचा प्रवास लांबचा, ते आयुष्याबद्दल कमी समाधानी. मोठ्या घराची दोन दिवसांत सवय होते, प्रवासाची होत नाही, असं माझं त्यावरचं भाष्य. नवऱ्याला ते मान्य नाही. तो दमतो, पण दमलेल्या माणसाला कंटाळा यायला सवडच नसते, त्यामुळे त्याच्या लेखी उपनगर उत्तम.

सासूबाईंना आम्ही घरातली सर्वांत चांगली खोली दिली होती. मागच्या बाजूची, उजेडाची, खिडकीतून नुसती हिरवाई. शहरातल्या घरी त्यांची खुर्ची रस्त्यावरच्या खिडकीशी असायची, आणि सतत धूळ, सतत आवाज. त्यातून सुटल्या असं आम्हाला वाटत होतं. काही दिवसांनी लक्षात आलं, की त्या खोलीत थांबतच नाहीत. स्वयंपाकघरात ओट्याजवळ एक बिनपाठीचं स्टूल होतं, त्यावर जाऊन बसायच्या. पाठ दुखायची, तरी बसायच्या.

"आई, कंटाळा येतो का हो इथे?"

"कंटाळा नाही गं. कुणी दिसत नाही."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून मान तिरकी केली की गल्लीचं तोंड दिसायचं, हे मला तेव्हा कळलं. मग आम्ही खोल्या बदलल्या. दर्शनी बाजूला एक लहानशी खोली होती, तिथे माझं टेबल होतं. टेबल मागच्या हिरवाईत गेलं आणि सासूबाई पुढे आल्या. खिडकी रस्त्यापासून चार हातांवर. महिन्याभरात त्यांना गल्लीतली निम्मी माणसं चालीवरून ओळखू यायला लागली. समोरच्या घरातली मुलगी किल्ली विसरून आली की आमच्या पायरीवर बसते. कुणाकडचं पार्सल आलं आणि घरी कुणी नसलं, तर आणणारा आता आमच्या खिडकीशीच येतो. न्यूयॉर्कच्या ग्रिनिच व्हिलेजमध्ये राहणाऱ्या जेन जेकब्ज यांनी १९६१ मध्ये शहरांवर लिहिताना "रस्त्यावरचे डोळे" असा शब्दप्रयोग केला. खिडक्यांतून, पायऱ्यांवरून सहज बघत राहणाऱ्या माणसांमुळे रस्ता जिवंत आणि सुरक्षित राहतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांना मोठ्या शहरातले रस्ते अभिप्रेत होते. आमच्या गल्लीला एक जोडी डोळे मिळाले, तेवढ्यानेही बराच फरक पडला. सासूबाईंचं करमण्याचं प्रकरण तिथे मिटलं.

मुलाचं मिटलं नाही.

त्याच्या मित्रांचं सगळं आयत्या वेळी ठरतं. पाच वाजता कुणीतरी म्हणतं साडेपाचला भेटू, आणि भेटतात. आमच्याकडून निघणारी बस पाऊण तासाने एक. वाहतुकीचं नियोजन करणारे मानतात, की बस दहा-पंधरा मिनिटांनी येत असेल तर माणूस वेळापत्रक बघत नाही, सरळ थांब्यावर जाऊन उभा राहतो. त्यापलीकडे गेलं की बसच्या वेळेप्रमाणे आयुष्य आखावं लागतं. वेळ न बघता गेलात तर सरासरी अर्धा कालावधी ताटकळणं आलंच. म्हणजे आमच्याकडे बावीस-तेवीस मिनिटं, आणि मग पुढे प्रवास. मोठ्या माणसाला हे चालून जातं, कारण त्याच्याकडे गाडी असते. चौदाव्या वर्षी गाडी नसते, पैसे नसतात, आणि आई-बापाने नेऊन सोडणं याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट नसते. एका संध्याकाळी बस डोळ्यांदेखत निघून गेली म्हणून तो परत आला आणि बूट न काढताच मला म्हणाला, "तुम्ही लोक इथे शांततेसाठी आलात. मी नुसता तुमच्याबरोबर आलो."

यावर मला उत्तर सुचलं नाही, आणि हर्बर्ट गान्स वाचल्यावर तर उत्तर नसतंच अशी खात्री पटली. गान्स हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ. दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे लेव्हिट कंपनीने एका साच्यातल्या घरांच्या प्रचंड वसाहती उभारल्या. पहिली १९४७ मध्ये लाँग आयलंडवर सुरू झाली, तिथे १७ हजारांहून जास्त घरं झाली. शहरातली शिकली-सवरलेली मंडळी या वसाहतींना नाकं मुरडायची. एकसारखी घरं, एकसारखी माणसं, नुसता कंटाळा, असं म्हणायची. गान्सने १९५८ मध्ये न्यू जर्सीतल्या नव्या लेव्हिटटाउनमध्ये स्वतःच घर घेतलं आणि दोन वर्षं तिथे राहून माणसांशी बोलत राहिला. त्याला आढळलं ते नाकं मुरडणाऱ्यांच्या अगदी उलट. बहुतेक मोठी माणसं मजेत होती. त्यांना स्वतःचं घर, मोकळी जागा आणि पोराबाळांसाठी वेळ हवा होता, आणि तो मिळाला होता. उपनगराने त्यांना बदललं नव्हतं. जे बदल झाले ते बहुतेक त्यांनी आधीच मनात योजलेले होते. नाखूश होत्या त्या आपल्या जुन्या नात्यागोत्यापासून लांब पडलेल्या काही बायका, आणि सर्वांत जास्त नाखूश होती ती वयात येणारी मुलं. त्यांना जायला जागा नव्हती आणि जायला साधन नव्हतं. हे सगळं साठ वर्षांपूर्वीचं, दुसऱ्या खंडातलं. तरी मी आमच्या घराची यादी त्याच्याशी ताडून पाहिली आणि ती जुळली.

म्हणून मग भिंतीच्या मागे लागले. मुलासाठी म्हणून सुरुवात केली, त्यात माझाही स्वार्थ होता.

आमच्या गल्लीच्या टोकाच्या भिंतीपलीकडे एक मैदान आहे, त्याला लागून वाचनालय, आणि पुढे हमरस्ता. त्या हमरस्त्यावरून बस बारा मिनिटांनी जाते. भिंतीतून दार असतं तर मैदान चार मिनिटांवर. दार नव्हतं, त्यामुळे गल्लीतून बाहेर, मोठ्या रस्त्याने वळसा, दोन वसाहतींना प्रदक्षिणा, आणि तोही रस्ता फुटपाथ नसलेला. पायी कुणी जातच नसे. मैदान मुलांनी भरलेलं असायचं आणि आमच्या वसाहतीतलं एकही नाही. चेंडूचा आवाज मात्र आमच्या अंगणात यायचा.

बंद गल्ल्यांची कल्पना मुळात वाईट नव्हती. न्यू जर्सीतल्याच रॅडबर्नमध्ये १९२९ साली क्लेरन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी ती मोठ्या प्रमाणावर राबवली, मोटारींपासून मुलांना जपायला. पण त्यांनी घरांच्या मागच्या बाजूने बागेतून पायवाटा काढल्या होत्या, रस्ता न ओलांडता शाळेत जाता येईल अशा. पुढे बांधणाऱ्यांनी बहुतेक ठिकाणी गल्ली बंद करण्याचा भाग उचलला आणि पायवाट सोडून दिली. पायवाटेची जागा विकता येत नाही ना.

रहिवाशांच्या बैठकीत मी फाटकाचा विषय काढला, तेव्हा पहिला आक्षेप आला चोऱ्यांचा. दुसरा आला, की मैदानावरची पोरं इथे येऊन दंगा करतील. तिसरा कुणाचातरी होता, की भिंतीलगत त्यांची गाडी लागते. खरं तर तिसराच सर्वांत पक्का होता, बाकीचे दोन त्याच्या मदतीला आले होते. मी नकाशा काढून नेला होता, त्यावर अंतरं लिहिली होती, त्याचा काहीही उपयोग झाला नाही. उपयोग झाला तो सासूबाईंचा. त्या बैठकीला आल्या आणि एवढंच म्हणाल्या, की मी दिवसभर खिडकीत असते, कोण येतं-जातं ते मला दिसतं. यावर थोडे हसले लोक, पण चोऱ्यांचा मुद्दा तिथेच ढिला पडला. मग दोन बैठका कुलपावर झाल्या. किल्ली कुणाकडे, किती वाजता बंद, पाहुणे आले तर काय. शेवटी असं ठरलं, की सहा महिने करून बघू, उजाडल्यापासून रात्री नऊपर्यंत उघडं, आणि गाडीवाल्यांना दुसरी जागा. भिंत पालिकेची की वसाहतीची याचा घोळ निस्तरायला त्याहून जास्त वेळ गेला, आणि त्या कार्यालयाच्या चकरांबद्दल मी लिहायला बसले तर वेगळाच लेख होईल.

फाटक झालं. एक माणूस जाईल एवढं, लोखंडी, करकरणारं. चोऱ्या वाढल्या नाहीत. दंगा थोडा वाढला, तो मला हवाच होता. दुपारी तीनला मी आता फाटकातून वाचनालयात जाते आणि तिथे रोज येणाऱ्या, एकमेकांशी न बोलणाऱ्या पाच-सात जणांमध्ये बसून मुद्रितं तपासते. त्यातल्या एका बाईंनी परवा माझी उघडी छत्री मिटून ठेवली आणि पुढे कामाचं विचारलं. नाव अजून कळलेलं नाही.

याच सुमारास एका मैत्रिणीचं शहरातलं घर सांभाळायला मी आठवडाभर जाऊन राहिले. पहिले दोन दिवस हरखून गेले. तिसऱ्या दिवसापासून रस्त्यातल्या गर्दीकडे माझं लक्षच जाईना. गेऑर्ग झिमेल या जर्मन विचारवंताने १९०३ मध्येच म्हटलं होतं, की महानगरात मनावर इतक्या गोष्टींचा मारा होतो की माणूस कशालाच दाद देईनासा होतो. तो निर्विकार चेहरा मी रांगेत, लिफ्टमध्ये, सिग्नलला बघत होते, आणि शहरात राहताना माझाही तोच असणार. म्हणजे कंटाळा मला तिथेही येत होता. फक्त तो पुरता यायच्या आत कुणीतरी आडवं यायचं. उपनगरात कुणी आडवं येत नाही, त्यामुळे पहिलं पाऊल दर वेळी आपल्यालाच उचलावं लागतं. ज्याला ते उचलता येतं, त्याचं छान चालतं. ज्याच्याकडे गाडी नाही, वय नाही, गुडघे नाहीत, त्याचं अडतं. आणि असा माणूस घर घेण्याच्या निर्णयात सहसा नसतो.

मुलगा आता फाटकातून बारा मिनिटांची बस पकडतो. भांडणं कमी झालीत. तरी कॉलेजला गेलो की शहरात खोली घेणार, हे त्याने जाहीर करून टाकलंय. मी त्याला अडवणार नाही. तो तिशी ओलांडून परत अशाच एखाद्या गल्लीत घर बघायला येईल असा नवऱ्याचा अंदाज आहे, तो त्याच्यापाशी.

कुणी उपनगरात घर बघायला निघालं, की मी आता एकच सांगते. सुट्टीच्या दिवशी सकाळी गाडीतून जाऊ नका; तेव्हा सगळीच उपनगरं सुरेख दिसतात. कामाच्या दिवशी दुपारी बसने जा, थांब्यावर उतरून घरापर्यंत चालत जा, आणि तिथून पुन्हा चालत कुठेतरी जाऊन दाखवा. घरात चौदा वर्षांचं कुणी असेल, तर आधी त्याला पाठवा. एकट्याला.